रात्री दहानंतर डीजे सुरूच आहे? मोबाईलवरून तक्रार कशी करायची, पुरावा कसा जपायचा आणि स्वतःचं नाव कसं सांभाळायचं

रात्रीचे पावणेअकरा वाजलेत. खाली चौकात डीजे सुरू आहे, खिडकीच्या काचा थरथरताहेत, घरात तान्हं बाळ झोपत नाहीये आणि उद्या सकाळी तुमचा पेपर आहे. तुम्ही मोबाईल हातात घेता, आवाज मोजणारं ॲप उघडता. आकडा येतो ९२. स्क्रीनशॉट काढता आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकता.

मित्रांनो, इथेच दोन चुका झाल्या. एक म्हणजे, ज्या आकड्याला सर्वात कमी किंमत आहे तोच आपण पुरावा समजलो. दुसरी, तक्रार पोलिसांकडे जाण्याआधीच तक्रार करणारा कोण हे गल्लीला कळलं. आता योग्य पद्धत पाहूया.

नियम नेमका काय सांगतो?

आपल्या देशात ध्वनी प्रदूषण नियम २००० साली आले. त्यातली आवाजाची मर्यादा अशी आहे:

- निवासी भाग: दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५
- व्यापारी भाग: दिवसा ६५, रात्री ५५
- शांतता क्षेत्र (शासनाने घोषित केलेला, रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग): दिवसा ५०, रात्री ४०

दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. लाऊडस्पीकर लावायला आधी लेखी परवानगी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवायलाच बंदी आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर यात ढोल-ताशासारखी वाद्यंही आली. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत आतल्या आत वाजवायला सूट आहे.

म्हणजे रात्री दहानंतर चौकात स्पीकर सुरू असेल, तर तो ९२ डेसिबल आहे की ७२, हे तुम्ही सिद्ध करायची गरजच नाही. वेळ आणि ठिकाण एवढं पुरेसं आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवशी साडेदहाला फोन केलात तर "परवानगी आहे" हेच उत्तर येईल. आज सूट आहे का, हे आधी बघा. पण सूट फक्त वेळेची असते, कितीही मोठ्याने वाजवायची नाही.

डेसिबल ॲपवर किती विश्वास ठेवायचा?

मोबाईलचा माइक तुमचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो. खूप मोठा आवाज आला की तो त्याच्या मर्यादेला पोहोचतो आणि पुढचा फरक त्याला कळत नाही. बरेच फोन अगदी खालच्या सुराचा आवाज मुद्दाम गाळतात, कारण बोलताना तो नको असतो. डीजेचा छातीत धडधडणारा बेस नेमका तोच! त्यामुळे एकाच जागी दोन फोनवर दोन वेगळे आकडे दिसू शकतात.

अधिकृत मोजणीसाठी वापरायचं मीटर मात्र ठराविक आवाज लावून तपासून घेतलेलं, म्हणजे कॅलिब्रेट केलेलं असतं. ॲप अंदाजासाठी ठीक आहे. "माझ्या ॲपवर साधारण एवढं दिसतंय" असं सांगा, पण त्यावर भांडू नका.

जाता जाता, डेसिबलचं गणित सरळ नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ वरून ९५ म्हणजे ऊर्जा दहा हजारपट.

मग पुरावा कसा गोळा करायचा?

१. तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. त्यात आवाज, मंडप किंवा स्टेज आणि ओळखू येईल अशी खूण (दुकानाची पाटी, बसस्टॉप) हवी.

२. फोनची तारीख-वेळ "ऑटोमॅटिक" वर ठेवा.

३. मूळ फाईल जपा. कापाकापी, फिल्टर, गाणं जोडणं काही नको. प्रकरण न्यायालयात गेलं तर मूळ फाईल आणि ती ज्यात आहे तो फोन महत्त्वाचा ठरतो.

४. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की फाईल दबते आणि तिच्यातली वेळ-लोकेशनची माहिती निघून जाते. अधिकाऱ्याने मूळ फाईल मागितली तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.

५. नाचणाऱ्या मुलांचे, बायकांचे चेहरे टिपत बसू नका. तक्रार आवाजाची आहे, माणसांची नाही.

निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आठवतंय? आचारसंहितेच्या काळात सभेतला नियमभंग कळवायला ते वापरतात. त्यात गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, जागेवरच काढावा लागतो आणि लोकेशन आपोआप जोडलं जातं. कधी आणि कुठे, हे दोन प्रश्न सुटले की तक्रारीत दम येतो.

तक्रार कुठे करायची?

आवाज सुरू असतानाच ११२ वर फोन करा. लोकेशन आपोआप कळेल या भरवशावर राहू नका, पत्ता स्वतः सांगा. बोलायचं एवढंच:

"अमुक चौक, तमुक शाळेसमोर, उघड्यावर डीजे सुरू आहे. आता रात्रीचे १० वाजून ५० मिनिटं झालीत. शेजारी रुग्णालय आहे. कृपया तक्रारीचा नंबर द्या."

गाडी येऊन गेली आणि पंधरा मिनिटांत आवाज पुन्हा चढला, तर पुन्हा फोन करा आणि पहिला नंबर सांगा. कंटाळू नका.

रस्ता अडवणारा मंडप, फूटपाथवरची कमान, कचरा किंवा बेकायदा फलक ही कामं महापालिका किंवा नगरपालिकेची. मुंबईत त्यासाठी १९१६ हा नंबर आहे. दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार करायची तर राज्याच्या "आपले सरकार" पोर्टलवर सोय आहे.

माझं नाव कळलं तर?

खरी भीती हीच असते. वाजवणारे परके नसतात, रोज भेटणारे असतात.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या एका प्रकरणात पोलिसांना स्पष्ट सांगितलं की, आवाजाच्या तक्रारीवर कारवाई करताना तक्रारदाराची ओळख पटवायची गरज नाही आणि ओळख कळलीच तर ती समोरच्याला सांगायची नाही. आधी समज, मग दंड, पुढे साहित्य जप्ती आणि परवाना रद्द, अशी पायरीही न्यायालयाने घालून दिली. म्हणून फोनवर नम्रपणे म्हणा, "माझं नाव गुप्त ठेवा."

पण पोलिसांनी नाव लपवलं आणि तुमच्याच फोटोने ते फोडलं तर काय उपयोग? बाल्कनीतून काढलेल्या फोटोत लोकेशन असेल तर ते मंडपाचं नसतं, तुमच्या घराचं असतं. जीपीएस कॅमेऱ्याची ॲप्स तर नकाशा फोटोवरच छापतात. व्हिडिओचा कोन बघूनही कितवा मजला हे कळतं.

म्हणून मूळ फाईल फक्त अधिकाऱ्याला. ग्रुपवर, स्टेटसला, रीलमध्ये काहीही टाकू नका. आयफोनमध्ये शेअर करताना वरच्या "ऑप्शन्स" मध्ये लोकेशन बंद करता येतं. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅगचं बटण असतं. शक्य असेल तर रस्त्यावरून, चालता चालता व्हिडिओ घ्या. आणि एकट्याने खाली जाऊन वाद घालू नका.

नंतर काय झालं हे कळण्यासाठी तक्रारीचा नंबर देऊन माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यावर अर्जदाराचं नाव लागतं, म्हणून तो सोसायटीच्या सचिवांमार्फत केलेला बरा.

थोडक्यात, दहानंतर घड्याळ बघा, व्हिडिओ घ्या, ११२ लावा, नंबर लिहून ठेवा. आणि ग्रुपवर मात्र गप्प बसा.