‘सहायक’ या शब्दाचे वजन

सीमेपलीकडचा सत्याग्रह : लेखांक चौथा

परक्या राजवटीच्या दडपशाहीला निःशस्त्र तोंड देणाऱ्या माणसांना सीमेच्या अलीकडून आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचा विचार करताना पुणे जिल्ह्यातील वाचकाला लांबच्या देशांकडे पाहण्याची गरज पडत नाही, कारण 1954 ते 1957 या काळात खुद्द पुणे शहर अशा आधाराचे प्रमुख केंद्र होते आणि तो परका मुलूख म्हणजे गोवा होता. पुण्याहून रात्रीच्या बसने निघालेला माणूस आज सकाळी म्हापशाला उतरतो, वाटेत त्याला कोणी कागद विचारत नाही. त्यामुळे पत्रादेवीजवळ एकेकाळी पोर्तुगालची सरहद्द होती आणि ती हातात केवळ झेंडा घेऊन ओलांडणे हा त्या राजवटीच्या लेखी लष्करी न्यायालयात चालवण्याजोगा गुन्हा होता, हे शिरूर किंवा दौंडमधल्या तरुण वाचकाला मुद्दाम सांगावे लागते.

दडपशाही हा शब्द येथे सैलपणे वापरलेला नाही. सत्तेच्या विरोधात बोलणे, लिहिणे आणि एकत्र जमणे या तीन गोष्टी कायद्यानेच अशक्य करून ठेवणारी आणि तरीही त्या करणाऱ्याला कैद, मारहाण किंवा हद्दपारी यांना सामोरे जायला लावणारी राज्यपद्धती, असा तिचा अर्थ आहे. पोर्तुगालमध्ये सलाझार यांची हुकूमशाही रुजली त्याच सुमारास, म्हणजे 1930 मध्ये, वसाहतींचा कायदा आला आणि गोव्यातील वृत्तपत्रे व सभा यांवरील बंधने आवळली गेली. छापून काढायच्या मजकुराला आधी परवानगी घ्यावी लागे. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा लोहियांना अटक करून गोव्याबाहेर घालवण्यात आले. परंतु गोमंतकीयांच्या वाट्याला त्याहून पुष्कळ कठोर वागणूक आली. 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात पाठवले. 1954 च्या फेब्रुवारीत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका मेजवानीत, गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याच्या विधानाला तोंडी निषेध नोंदवला, आणि तेवढ्यावरून त्यांनाही अटक करून पोर्तुगालला नेण्यात आले. हद्दपारी म्हणजे माणसाला त्याच्या गावापासून, भाषेपासून आणि भेटायला येऊ शकणाऱ्या आप्तांपासून हजारो मैल दूर तोडून टाकणे होय, आणि कैदेपेक्षाही तिचा धाक मोठा होता.

भारत सरकारची भूमिका या काळात अवघडलेली होती. गोवा भारताचा आहे असे ते म्हणत होते, पण तो प्रश्न शांततेच्या मार्गानेच सोडवण्याचे त्याचे धोरण होते आणि भारतीय नागरिकांनी जथ्याने सीमा ओलांडली तर ते परराज्यावरील आक्रमण म्हणून जगापुढे मांडले जाईल, ही भीती त्याला होती. म्हणून 15 ऑगस्ट 1954 च्या सत्याग्रहात केवळ गोमंतकीयांनीच गोव्यात शिरावे, असे बंधन घालण्यात आले. आल्फ्रेड आफोन्स यांच्या तुकडीने त्या दिवशी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, ही त्या बंधनाच्या आतच घडलेली गोष्ट होय. या बंधनाला त्या वेळी पुष्कळांनी भ्याडपणा म्हटले. मागे वळून पाहता त्यात एक तत्त्वही होते असे दिसते, ते असे की ज्यांचा मुलूख आहे, लढ्याच्या अग्रभागी त्यांनीच असावे आणि बाकीच्यांनी त्यांच्या पाठीशी राहावे.

पुण्यात 1954 मध्ये जी सर्वपक्षीय समिती उभी राहिली तिच्या नावातच हे तत्त्व उतरलेले आहे. तिचे नाव गोवा विमोचन समिती असे नव्हते, ‘गोवा विमोचन सहायक समिती’ असे होते. केशवराव जेधे तिचे अध्यक्ष, जयंतराव टिळक चिटणीस, आणि समाजवादी, साम्यवादी, जनसंघ, हिंदुमहासभा अशा परस्परांशी एरवी न पटणाऱ्या पक्षांचे लोक तिच्या कामात होते. विमोचन दुसऱ्याचे, साहाय्य आपले, ही नावातील विभागणी कार्यकर्त्यांनी जाणून केलेली होती. लढा ज्याचा, नेतृत्वही त्याचे, हे मान्य करून त्याच्या मागे उभे राहणे याला फार मोठा संयम लागतो, आणि तो संयम पुण्यातल्या मंडळींना सर्वकाळ राखता आला की नाही, हा या लेखांकाचा खरा विषय आहे.

साहाय्याची पहिली गरज प्रवासाची होती. त्या वेळच्या नकाशात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची जागा समजून घेण्यासारखी आहे. मनमाडकडून येणारा लोहमार्ग भीमाकाठच्या दौंडला मुख्य मार्गाला मिळतो, सोलापूरकडचा मार्गही तेथूनच पुण्याकडे जातो. त्यामुळे उत्तरेकडून मनमाडमार्गे येणारा प्रवासी दौंडला इंजिनाची दिशा बदलल्यानंतरच पुण्याला पोचत असे. पुण्यापासून पुढे रूळच बदलत, कारण मिरज, बेळगाव, लोंढा हा दक्षिणेकडचा रस्ता मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांचा होता आणि लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे एक फाटा थेट गोव्यात उतरत असे. शिरूरला रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही, पण घोडनदीचा पूल ओलांडला की लागणाऱ्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले पारनेर हे सेनापती बापटांचे जन्मगाव. आणि हे नाव गोव्याच्या सत्याग्रहात पहिल्याच तुकडीत येते.

18 मे 1955 रोजी समितीची पहिली तुकडी गोव्यात शिरली. तिचे नेतृत्व नानासाहेब गोरे यांच्याकडे होते आणि मुळशीच्या सत्याग्रहापासून पुणे जिल्ह्याला ठाऊक असलेले बापट वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिच्यात सामील झाले होते. पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी आणि बंदुकांच्या दस्त्यांनी मारले. पोर्तुगीज अधिकारी, ज्यांना गोव्यात पाखले म्हणत, सत्याग्रहींशी दोन प्रकारे वागत. सामान्य सत्याग्रहीला बेदम मारून सरहद्दीबाहेर आणून सोडायचे, म्हणजे खटला नाही, नोंद नाही आणि जखमा मात्र आयुष्यभराच्या. आणि पुढाऱ्याला पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे करायचे. लष्करी न्यायालय म्हणजे ज्यात न्यायाधीशही सैन्यातले आणि गुन्हा राजकीय, असे न्यायालय. गोरे आणि शिरूभाऊ लिमये यांना तेथे दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. जुलैमध्ये शिरलेल्या मधु लिमये यांना बारा वर्षांची. त्याआधी, 6 एप्रिल रोजी, म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाचे अधिवेशन भरवून अध्यक्षपदावरून बोलणाऱ्या सुधाताई जोशी यांना भाषण चालू असतानाच अटक झाली होती. त्यांचे पती महादेवशास्त्री जोशी हे भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक, त्यामुळे गोव्यातला तुरुंगवास हा पुण्यातल्या एका विद्याव्रती घराचाही प्रश्न झाला. सुधाताई गोमंतकीय असल्याने त्यांचे स्थान मात्र गोरे किंवा लिमये यांच्यापेक्षा वेगळे होते, आणि पुढच्या हिशेबात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो सत्याग्रही एकाच दिवशी अनेक ठिकाणांहून सीमेवर गेले आणि पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडले. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागूनही वाचल्या आणि पुढे लोकसभेत गेल्या. या लोकांपैकी बहुतेकांचा गोव्याशी जन्माचा किंवा नात्याचा काही संबंध नव्हता. कोणत्याही हिशेबी बुद्धीला न पटणारी ही त्यागबुद्धी होती, आणि तिच्यापुढे आदराने नतमस्तक होण्यावाचून दुसरे काही सुचत नाही.

तरीही त्या दिवसानंतर साहाय्याचे स्वरूप पालटले हे नमूद करणे आवश्यक आहे. गोळीबाराच्या संतापातून भारत सरकारने सरहद्द बंद केली, गोव्याशी चालणारी रेल्वे थांबली, व्यापार आणि पैसे पाठवण्याची वाट आवळली गेली. आणि थोड्याच आठवड्यांत भारतीयांच्या सामुदायिक सत्याग्रहालाही बंदी झाली. मुंबईत जहाजांवर, हॉटेलांत किंवा कचेऱ्यांत काम करणाऱ्या गोमंतकीयांच्या मनीऑर्डरवर ज्यांचे घर चाले, त्या सासष्टी-बार्देशमधल्या म्हाताऱ्या आईबापांनाही या नाकेबंदीची झळ बसली. नाकेबंदी म्हणजे शत्रुराजवटीचा पुरवठा तोडून तिला वाकवणे. पण लिस्बनमधले सरकार त्याने वाकले नाही, कारण पोर्तुगाल 1949 पासून नाटो या लष्करी करारात होते आणि 2 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असाच झाला. बलाढ्य मित्र असलेल्या राजवटीला बाहेरचा निषेध बोचतो, पण हलवत नाही. अशा वेळी साहाय्याचे उपाय ठरवताना त्यांचा फटका राजवटीला बसतो की राजवटीखाली दबलेल्यांना, हे आधी तपासायला हवे होते. ते पुरेसे तपासले गेले नाही, असेच म्हणावे लागते.

परंतु साहाय्याचा अधिक कसोटीचा भाग अटकेनंतर सुरू होतो. अटकेच्या दिवशी वृत्तपत्रांची पाने भरतात, महिन्याभराने त्याच नावाला एक ओळ मिळते आणि वर्षानंतर तीही मिळत नाही. कैद्याच्या दृष्टीने मात्र वर्षानंतरचा दिवसही पहिल्या दिवसाइतकाच लांब असतो. दोन्ही देशांच्या वकिलाती बंद झाल्यावर गोव्यातील भारतीयांचे हितसंबंध पाहण्याचे काम इजिप्तकडे देण्यात आले. युद्धात किंवा संबंध तुटलेल्या स्थितीत तिसऱ्या देशाने एका देशाच्या नागरिकांची विचारपूस करावी, या आंतरराष्ट्रीय रिवाजाला संरक्षक राष्ट्राची व्यवस्था म्हणतात, आणि आग्वादसारख्या तुरुंगात पडलेल्या माणसाला आपण विसरले गेलो नाही हे कळण्याची तीच एक अधिकृत खिडकी उरते. दुसरी वाट हवेतून जाणारी होती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून स्वातंत्र्याचा आवाज देणारे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले, ते गोवा मुक्त होईपर्यंत थांबले नाही. ज्या मुलखात छापील अक्षरावर पहारा आहे तेथे बाहेरच्या बातम्या पोचवणे आणि आतल्या बातम्या बाहेर काढणे, हे मोर्च्याइतके डोळ्यांत भरणारे काम नसले तरी ते अधिक टिकाऊ साहाय्य होते.

1957 च्या फेब्रुवारीत गोरे, मधु लिमये आणि इतर भारतीय सत्याग्रही सुटले. गोरे त्याच वर्षी पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. या आनंदात एक वेदना दडलेली आहे, जिच्याकडे महाराष्ट्राने पुरेसे लक्ष दिले नाही. सुटले ते सीमेपलीकडून आलेले सहायक. ज्यांच्या साहाय्यासाठी ते गेले होते, त्या गोमंतकीय कैद्यांपैकी अनेकजण आतच राहिले, कारण पोर्तुगालच्या लेखी ते परदेशी नव्हते, स्वतःचे बंडखोर प्रजाजन होते, आणि त्यांच्यासाठी रदबदली करण्याचा हक्क कोणत्याही संरक्षक राष्ट्राला नव्हता. दडपशाहीविरुद्धच्या प्रत्येक लढ्यात हा भेद आढळतो. बाहेरून आलेल्याच्या मागे एक पारपत्र, एक सरकार आणि एक वृत्तपत्रसृष्टी उभी असते. घरच्या माणसामागे यातले काहीच नसते.

ही पोकळी भरण्याचा एक मार्ग जगाला नंतर सापडला, आणि त्याचा संबंध पुन्हा सलाझार यांच्याच राजवटीशी येतो. 28 मे 1961 रोजी लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रातील लेखात सहा विस्मृत कैद्यांची नावे जाहीर केली, त्यांत अंगोलातील कवी-डॉक्टर आगोस्तिन्यू नेतो हे पोर्तुगालचे कैदी होते. त्या लेखातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. तिने ‘सदसद्विवेकाचा कैदी’ ही कल्पना रूढ केली, म्हणजे हिंसा न करता व हिंसेचा पुरस्कार न करता केवळ मतासाठी डांबलेला माणूस. आणि अशा एकेका माणसासाठी दुसऱ्या देशातील साध्या नागरिकांनी त्या राजवटीला, तुरुंगाधिकाऱ्याला आणि कुटुंबाला पत्रे लिहीत राहायचे, ही पद्धत घालून दिली. सरकारांना जो हक्क नव्हता तो साध्या माणसांनी पोस्टाच्या तिकिटावर मिळवला. ही पद्धत शिरूरच्या शिक्षकाला किंवा दौंडच्या रेल्वे कामगाराला आजही जमण्याजोगी आहे, कारण तिला चिकाटी लागते, जागा किंवा पद लागत नाही.

याच कसोटीवर गोव्याच्या अखेरच्या कैद्यांकडे पाहिले तर व्याख्येची मर्यादाही दिसते. मूळचे सांगलीचे आणि गोव्यात शिक्षक झालेले मोहन रानडे आझाद गोमंतक दलात होते, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील सशस्त्र हल्ल्यात पकडले गेले. सदसद्विवेकाचे कैदी ही व्याख्या त्यांना लागू पडली नसती. ‘रेसुर्ज गोवा’ हे नियतकालिक मुंबईहून चालवणारे कवी-पत्रकार तेलो मास्कारेन्यस यांना 1959 मध्ये अटक झाली, आणि त्यांच्या हातात लेखणीपेक्षा धारदार काही नव्हते. दोघांनाही पोर्तुगालला नेण्यात आले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, पत्रादेवीची चौकी पडली, सहायक समितीचे काम संपले असे सर्वांना वाटले. पण भारत-पोर्तुगाल संबंध तुटलेलेच होते आणि दोघे लिस्बनकडच्या तुरुंगांतच होते. रानड्यांच्या सुटकेसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी विमोचन समिती काढली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रानडे 1969 च्या जानेवारीत सुटले, मास्कारेन्यस 1970 मध्ये, म्हणजे ज्या गोव्यासाठी ते आत गेले त्याला मुक्त होऊन नऊ वर्षे होत आली असताना.