चित्रण तबकडीवर उतरविताना

एचडीव्ही ही पद्धती २००३ साली जाहीर झाली. तीत १०८० रेषांचे चित्रण फितीवर सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट या दराने नोंदले जाते. ते ब्लू-रे तबकडीवर उतरविताना संगणक अनेक पर्याय पुढे ठेवतो. ब्लू-रेवर चित्राच्या दराची कमाल मर्यादा ४० मेगाबिट असल्याने तोच आकडा निवडण्याचा मोह होतो. परंतु कॅमेऱ्याने जो तपशील टिपलाच नाही, तो दर वाढवून निर्माण होत नाही. २५ गिगाबाइटच्या तबकडीवर ४० च्या दराने जेमतेम सव्वा तासाचे चित्रण मावते. २५ च्या दराने दोन तासांचे. एच.२६४ ही संक्षेपपद्धती फितीवरील एमपेग-२ हून अधिक काटकसरी असल्याने तिला एवढा दर पुरेसा होतो.

दुसरी बाब क्रमाची. भारतासारख्या ५० हर्ट्झच्या देशांत या पद्धतीचा कॅमकॉर्डर सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपतो. एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि वरच्या रेषेचे अर्धचित्र प्रथम, हेच पर्याय निवडावेत. क्रम उलटल्यास पडद्यावर धावणारे मूल पुढे-मागे हिसके देत जाते. फितीवरील प्रसंग पुन्हा घडणारा नसतो. म्हणून तबकडी अखेरपर्यंत तपासून पाहिल्याखेरीज मूळ फीत पुसू नये.