अवगाह-द्रोणी व स्नानगृह यांची सौम्य स्वच्छता : ॲलर्जीच्या रुग्णांच्या दृष्टीने काही विचार

पंचकर्मासाठी आवश्यक संभारांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृह कसे असावे हेही सांगितले आहे. ते निवात असावे, पण एका बाजूने वारा खेळता असावा. धूर, धूळ यांचा तेथे शिरकाव नसावा आणि अप्रिय शब्द, स्पर्श, रस, रूप, गंध यांपासून ते मुक्त असावे. स्नानभूमीचा उल्लेखही तेथे स्वतंत्रपणे येतो. आजच्या पंचकर्म केंद्रात या स्नानभूमीची जागा अवगाहाचा टब, शॉवर व धाराद्रोणी यांनी घेतली आहे. मात्र त्या स्वच्छ करण्यासाठी जी द्रव्ये वापरली जातात, त्यांच्या गंधामुळे व अवशेषांमुळे या मूळ अपेक्षेचाच भंग होताना आढळतो. प्रस्तुत लेखात या विषयाची व्यवहारोपयोगी मांडणी करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आपल्याकडे अवगाहासाठी येणाऱ्या रुग्णांत विचर्चिका, एककुष्ठ, शीतपित्त, तमकश्वास यांचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांची त्वचा वा श्वसनमार्ग मुळातच क्षुब्ध असतो. उष्ण जल आणि बंद खोली यांमुळे टबाला वा फरशीला चिकटून राहिलेल्या द्रव्याची वाफ होते, आणि स्वेदनाने मृदू झालेल्या त्वचेचा त्याच पृष्ठभागाशी दीर्घकाळ संपर्क येतो. अशा वेळी झालेला उपद्रव औषधी तैलाचा की काढ्याचा, याची चर्चा होते. आदल्या रात्री टब कशाने धुतला, हे सहसा विचारले जात नाही.

दुसरा प्रश्न परिचारकांचा. युरोपातील एका दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. घरी किंवा व्यवसाय म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांची श्वसनक्षमता सुमारे २० वर्षांच्या काळात इतर स्त्रियांच्या तुलनेने अधिक वेगाने घटल्याचे त्यात आढळले. त्याच पाहणीच्या २००७ सालच्या वृत्तात फवारून वापरण्याच्या द्रव्यांचा प्रौढांतील दम्याशी संबंध दिसून आला होता. म्हणून कोणतेही द्रव्य हवेत न फवारता कापडावर घेऊन पुसणे, हा पहिला नियम मानावा.

क्षोभ करणारी द्रव्ये

बाजारातील बहुतेक द्रव्यांत तीन घटक त्रासदायक ठरतात. पहिला सुगंध. लिमोनीन व लिनालूल ही सुगंधी द्रव्ये हवेच्या संपर्कात ऑक्सिडीकरण पावली की त्वचेस ॲलर्जी उत्पन्न करण्याची त्यांची शक्ती वाढते. दुसरा परिरक्षक. त्यांपैकी मिथाइल-आयसोथायाझोलिनोन या द्रव्याला अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ सालचे ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून घोषित केले होते. तिसरा जंतुनाशक. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी चतुर्थक अमोनियम संयुगे दमा उत्पन्न करू शकतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिमोनीन हे लिंबूवर्गीय फळांच्या सालीतच असते. ‘वनस्पतिज’ म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण भल्लातक जाणणाऱ्या वैद्याने तरी मांडू नये. निलगिरी, कापूर वा गवती चहाच्या तेलाचा उग्र दर्प असलेले फिनाईल तमकश्वासाच्या रुग्णास कृत्रिम सुगंधाइतकाच त्रास देऊ शकते. औषधालयचालकांनी विक्रीसाठी द्रव्य निवडताना ‘हर्बल’ या शब्दापेक्षा घटकांची यादी पाहावी. तसेच ‘गंधरहित’ लिहिलेल्या काही द्रव्यांत मूळ वास झाकण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मळ तीन प्रकारचा

मळ कोणता हे ठरल्याशिवाय शोधन ठरत नाही. टब व शॉवर यांवर तीन प्रकारचा मळ साठतो.

१) स्नेह : तैल, घृत व त्यांवर बसलेली धूळ. हा अल्कधर्मी द्रव्याने वा फेनक द्रव्याने निघतो.

२) क्षारांचा थर : विंधन विहिरीचे दुष्फेन म्हणजे जड पाणी वापरले जाते तेथे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे थर शॉवरच्या जाळीत साठतात. साबणाशी संयोग होऊन त्यांचाच पांढरट चिकट लेप टबावर बसतो. क्षारांचा थर आम्लाने विरघळतो.

३) बुरशी व जंतू : ओलावा आणि स्नेह शिल्लक राहिला की फरशीच्या सांध्यांत यांची वाढ होते. येथे कोरडेपणा हेच मुख्य औषध.

कृती

प्रथम टबातील तैल जुन्या सुती कापडाने वा कागदाने कोरडेच पुसून घ्यावे. तैल मोरीत सोडल्यास नळ तुंबतो. बेसनाने तैल उत्तम निघते. परंतु ते कोरडे उडवू नये, पाण्यात कालवून लावावे आणि पुसून कचऱ्यात टाकावे, मोरीत धुऊ नये.

यानंतर १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून त्या पाण्याने टब पुसावा. हा सोडा तीव्र अल्कधर्मी असल्याने हातमोजे घालावेत व ॲल्युमिनियमच्या वस्तूंस तो लावू नये. सौम्य द्रव्य हवे असल्यास सुगंधविरहित द्रवसाबण घ्यावा, किंवा खाण्याचा सोडा ओल्या कापडावर घेऊन हलके घासावे. अरिष्टकाचा म्हणजे रिठ्याचा काढा स्नेह काढण्यास उपयुक्त आहे. तो ताजा करावा, कारण साठवल्यास नासतो. डोळ्यांस तो झोंबतो आणि रिठ्याचे चूर्ण नाकात गेल्यास शिंका येतात. म्हणून केंद्रात कुटणे टाळून अखंड फळे भिजवावीत.

क्षारांच्या थरासाठी १ लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम लिंबूसत विरघळवून ते कापडाने लावावे व १५ मिनिटांनी धुवावे. शॉवरची जाळी काढून याच द्रावणात अर्धा तास ठेवावी. पुन्हा बसवल्यावर खोलीत कोणी नसताना गरम पाणी काही मिनिटे सोडावे. व्हिनेगरही चालते, पण त्याचा वास पुष्कळ वेळ टिकतो. मात्र शहाबादी, कडप्पा वा संगमरवरी फरशीवर कोणतेही आम्ल वापरू नये. हे दगड चुनखडीचेच असल्याने त्यांची झीज होते. सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याची पद्धतही निरर्थक आहे. फेस दिसतो, परंतु दोन्ही एकमेकांस निष्प्रभ करतात.

शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, रबरी वायपरने पाणी ओढून, कोरड्या कापडाने पुसावे व खिडकी उघडी ठेवावी.

निर्जंतुकीकरण केव्हा?

सोडा, रिठा वा लिंबूसत यांनी स्वच्छता होते. त्यांस जंतुनाशक समजू नये. स्रावी व्रण, पूय वा सांसर्गिक त्वचारोग असलेल्या रुग्णानंतर निर्जंतुकीकरण आवश्यकच आहे. ॲलर्जीच्या भीतीने ते टाळणे हा दुसऱ्या रुग्णावर अन्याय होय. औषधालयात मिळणाऱ्या ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये समभाग पाणी मिसळून धुतलेल्या टबास लावावे, १० मिनिटे ओले राहू द्यावे व धुऊन टाकावे. त्याचे विघटन पाणी व प्राणवायू यांत होते आणि दर्प राहत नाही. अन्यथा ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग व पाणी ४९ भाग असे द्रावण तितकाच वेळ ठेवावे. ते दिवसाच्या अखेरीस, खिडक्या उघडून वापरावे. पोलादी टबावर वारंवार वापरल्यास खड्डे पडतात.

ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळू नये. संडास साफ करण्याच्या द्रव्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. अमोनियाशी संयोग झाल्यास क्लोरामाइन वायू होतात. पेरॉक्साइड व व्हिनेगर हेही एका बाटलीत घालू नयेत. प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव व दिनांक लिहिलेला असावा.

स्नेहाचे अवशेष

औषधी तैल हे स्वतःही ॲलर्जीकारक असू शकते. तिळाची ॲलर्जी असलेल्यांची संख्या ध्यानात घेऊन अमेरिकेने २०२१ साली कायदा करून तिळाचा प्रमुख ॲलर्जीकारक अन्नद्रव्यांत समावेश केला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. आपले बहुतेक तैलपाक तिळाच्या तेलात सिद्ध होतात. म्हणून तीळ, बदाम, शेंगदाणा वा दूध यांच्या ॲलर्जीचा इतिहास असलेल्या रुग्णास शक्यतो दिवसातील पहिली वेळ द्यावी. भल्लातकयुक्त कल्प ज्या द्रोणीत वापरले, ती त्या दिवशी दुसऱ्या रुग्णास देऊ नये. लाकडी द्रोणीत तैल मुरत असल्याने अशा रुग्णांसाठी पोलादी वा ॲक्रिलिकची वेगळी द्रोणी ठेवणे श्रेयस्कर. ॲक्रिलिकवर काथ्या वा खरखरीत चूर्ण वापरू नये. पडलेल्या चऱ्यांत तैल साठून राहते.

धूपन करावयाचे असल्यास ते रुग्ण नसताना करून खोली पूर्ण मोकळी होऊ द्यावी. धूळ व धूर यांस आपल्याच शास्त्राने श्वासाची कारणे मानले आहे.

नोंद

प्रत्येक टबाजवळ एक वही असावी. कोणत्या दिवशी, कोणत्या द्रव्याने, कोणी स्वच्छता केली आणि त्यापूर्वी कोणते तैल वापरले होते, एवढ्या चार गोष्टी तीत लिहाव्यात. रुग्णास कंडू, कोठ वा श्वासकष्ट झाल्यास औषधात बदल करण्यापूर्वी ही वही पाहावी. तसेच रुग्णाच्या प्रथम तपासणीतच ‘घरी न्हाणीघर कशाने धुता?’ हा प्रश्न विचारावा. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, आणि ते निदान कधी कधी मोरीतील बाटलीत असते.