मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील गोठवणकाल आणि अनुवाद

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना वाचावयास, बदलावयास व वाटावयास मोकळी असते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचे कर्ते देशोदेशी विखुरलेले असतात व त्यांपैकी अनेकजण स्वेच्छेने काम करतात. अशा कामास कालमर्यादा कशी घालावयाची, हा प्रश्न वरवर व्यवस्थापनाचा दिसतो. परंतु त्याचा एक धागा भाषेशी निगडित आहे. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रकाशनाच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. एकीत योजलेली कामे पुरी झाल्यावर आवृत्ती प्रसिद्ध होते; दुसरीत तारीख आधी ठरते व तोवर जे सिद्ध असेल तेवढेच आवृत्तीत येते. पहिलीत विलंबाचा धोका असतो. ‘डेबियन’ या प्रणालीची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली, पुढील ३.१ निघावयास जून २००५ उजाडला. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, याद्या व सूचना यांची मांडणी करणारे ‘ग्नोम’ हे सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीने चालते. २००२ पासून त्याच्या आवृत्त्या साधारणतः दर सहा महिन्यांनी निघत आल्या असून, आता मार्च व सप्टेंबर हे त्यांचे महिने होत.

तारीख पाळावयाची तर बदलांचा ओघ टप्प्याटप्प्याने थांबवावा लागतो. यालाच गोठवण म्हणतात. प्रथम नव्या सोयींची भर व पडद्याची रचना गोठते, नंतर पडद्यावरील शब्द आणि अखेरीस संहिता. मग गंभीर दोष असल्याखेरीज तिला हात लावावयाचा नसतो. या क्रमास कारण आहे. रचना ठरल्यावाचून शब्द ठरत नाहीत, आणि शब्द ठरल्यावाचून अनुवाद पुरा होत नाही.

शब्दगोठवण का हवी, हे अनुवादाच्या यंत्रणेवरून कळते. ‘गेटटेक्स्ट’ या प्रचलित साधनात मूळ इंग्रजी वाक्य हीच अनुवाद शोधण्याची किल्ली असते. त्यात एखादा स्वल्पविराम बदलला तरी किल्ली जुळत नाही. जुना अनुवाद संदिग्ध ठरून बाजूस राहतो, व अनुवादक तो पुन्हा तपासीपर्यंत वाचकास इंग्रजी वाक्यच दिसते. मराठीत लिंगवचनामुळे हे काम अधिक वाढते. ‘फाइल उघडली’ या वाक्यात फाइलच्या जागी दस्तऐवज आला की क्रियापद ‘उघडला’ होते, चित्र आले की ‘उघडले’. इंग्रजीत एकच शब्द बदलतो. मराठीत सारे वाक्य नव्याने जुळवावे लागते.

म्हणूनच ग्नोममध्ये गोठवणीनंतर शब्द बदलावयाचा झाल्यास अनुवाद-समन्वयकांची संमती घ्यावी लागते. मोजक्या माणसांच्या अनुवादक-गटास मिळणारी निर्वेध मुदत ती हीच. ती मोडल्यास संहिता बिघडत नाही, कार्यक्रम चालूच राहतो. मराठी वाचकाच्या पडद्यावर मात्र मध्येच एक इंग्रजी वाक्य उमटते आणि पुढील दुरुस्तीपर्यंत तसेच राहते.