भिंतीवरच्या तसबिरीचे काम

श्रावण लागला की आपल्या घरांत देवघराजवळ जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात. महिनाभर त्यांना हळदकुंकू वाहतात, लेकरांना आयुष्य मागतात आणि महिना सरला की कागद उतरवतात. ते चित्र चांगले वठले आहे की नाही, असे कोणी विचारत नाही. त्याला काम नेमून दिलेले आहे आणि ते त्याने केले म्हणजे झाले.

चित्रकला म्हटले की आज प्रदर्शनाचे दालन आठवते. शब्दांचा पसारा त्याहून मोठा आहे. संस्कृतात ‘चित्र’ म्हणजे रंगीबेरंगी आणि नवल वाटावे असेही. ‘चित्रविचित्र’मध्ये तो अर्थ अजून टिकला आहे. तसबीर फारसीतून आली. सावंतवाडीकडे आणि गोव्यात चितारी लाकडावर लाखेच्या रंगांचे काम करतो. रंगारी भिंत रंगवतो, चित्रकार चित्र रंगवतो, आजी गोष्ट रंगवून सांगते. हे शेवटचे निव्वळ अलंकारिक नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रंगवलेली पाने एकामागून एक समोर धरतात आणि गात गात कथा सांगतात. गाणाऱ्यावाचून ते पान अर्धेच.

म्हणजे पुजणे आणि सांगणे ही चित्राची जुनी कामे. मिरवणे हे तिसरे, आणि त्यासाठी बडोद्याला जावे. रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोदे संस्थानाचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आतल्या भिंती चित्रांनी भरल्या आहेत: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रजांची लढाई. देव आणि कालपरवाचा इतिहास एकाच भिंतीवर नांदतात. दिवाणाच्या घरी आलेल्या माणसाला यजमान कोण, कुठला, काय मानणारा, हे बोलण्याआधीच कळावे, अशी ती भिंत आहे. परमुलखात स्थिरावलेल्या मराठी माणसाला भिंतीकडून एवढे बोलून घ्यावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही.

पण असा वाडा किती जणांना बांधता येणार? चित्र साध्या घरापर्यंत पोचले ते छापखान्यामुळे, आणि त्या कथेत आपल्यासारखाच एक परमुलखातला मराठी माणूस आहे. सर टी. माधवराव हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर, मग इंदूर, मग बडोदे अशी तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. राजा रविवर्म्याच्या चित्रांना मागणी फार आहे, एका हाताने ती पुरी होणे नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती काढाव्यात, असे त्यांनी चित्रकाराला पत्राने सुचवले होते. पुढे सयाजीराव गायकवाडांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती 1890 मध्ये पुरी झाली. ती राजवाड्यासाठी होती. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्याच्या देवदेवता कागदावर उतरून बाजारात आल्या. पुण्याची चित्रशाळा तर 1878 पासूनच हे काम करत होती.

हे छापणे सोपे नव्हते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर एकेका रंगाची आकृती काढायची, त्या रंगाचा ठसा कागदावर घ्यायचा, मग दुसरा दगड, दुसरा रंग. कागद केसभर सरकला तरी लक्ष्मीचा ओठ गालावर जाई. शेवटी वर रोगण चढवले की तैलचित्राचा भास होई.

आणि घरी आल्यावर या चित्राचे जे झाले त्याची नोंद कलेच्या इतिहासात अभावानेच सापडते. बायकांनी त्यावर जर शिवली, टिकल्या लावल्या, लक्ष्मीला खऱ्या कापडाचे लुगडे नेसवले. एका दगडावरून निघालेल्या हजारो प्रतींतली ही प्रत त्या क्षणी वेगळी झाली. समीक्षकांनी या छापील चित्रांना पुष्कळ नावे ठेवली. भडकपणाचा त्यांचा आक्षेप काही अंशी खराही आहे. पण ते राजवाड्यातल्या मूळ चित्राशी तुलना करत होते आणि घरातली बाई त्या चित्राला साडीचोळी करत होती. माझ्या मते चित्राचा अर्थ तिला अधिक कळला होता.

हे सगळे आज सांगण्याला कारण आहे. आपल्या मंडळींची जुनी घरे विकली जात आहेत. कुठे मुले परदेशी गेली, कुठे वाड्याच्या जागी सदनिका आल्या. आवराआवरीत भांडी वाटली जातात, दागिने तर मोजून वाटले जातात, आणि तसबिरी मात्र काच फुटली, वाळवी लागली म्हणून पिंपळाच्या पारावर ठेवल्या जातात किंवा भंगारवाल्याकडे जातात. देवाचे चित्र घरात भंगलेले ठेवू नये, ही भावना मी समजू शकतो. तरी पारावर नेण्याआधी एकदा उजेडात धरा.

चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते. पुष्कळदा ते चौकटीच्या पट्टीखाली दडलेले असते. मागची फळी जपून काढा. फळी आणि कागद यांमध्ये जुने वर्तमानपत्र निघाले तर फेकू नका, चौकट कधी बसवली हे त्याच्यावरून कळू शकते. चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका, थेट उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आणि घरात कोणी वडीलधारे असेल तर विचारा, ही जर कोणाच्या हातची, ही तसबीर इंदूरहून आली की माहेरहून. जे कळेल ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून चौकटीमागे ठेवा. ओल लागली तर शाई चित्रात उतरते.