ऊन लागलं, की भोवळ आली?

24 एप्रिल 2024 रोजी पुसदच्या प्रचारसभेत भाषण करता करता नितीन गडकरींना भोवळ आली. मंचावरच्यांनी सावरलं आणि थोड्याच वेळात ते पुन्हा बोलायला उभे राहिले. उन्हामुळे त्रास झाला, असं त्यांनीच सांगितलं. पण डिसेंबर 2018 मध्येही राहुरीच्या कृषी विद्यापीठात, पदवीदान समारंभात राष्ट्रगीताला उभे असताना ते कोसळले होते. तेव्हा कुठलं ऊन? दोन्ही वेळा ते उभे होते, आणि भोवळीत हे उभं असणंच फार महत्त्वाचं.

मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. उभं राहिलं की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी शरीर रक्तवाहिन्या आवळून, नाडी वाढवून तोल सांभाळतं. नागपूरच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत मात्र त्वचेतल्या वाहिन्या फुललेल्या, घामावाटे पाणी-मीठ गेलेलं. त्यात उपाशीपोटी रांगेत उभं राहणं किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी. माणूस आडवा झाला की मिनिटाभरात डोळे उघडतो. चौघं मिळून त्याला बगलेत धरून उभं करतात, ते घातक आहे. झोपवा, पाय उंच करा, तोंडात पाणी ओतू नका. अंग भाजत असेल, तो बरळत असेल, आडवं करूनही शुद्धीवर येत नसेल, तर तो उष्माघात समजा. अंगावर गार पाणी ओता आणि 108 ला फोन लावा.

भोवळ आली की नातेवाईक आधी मेंदूचा एमआरआय करायला धावतात. बहुतेकदा त्यातून काही हाती लागत नाही. डॉक्टरांना हवी असते पडण्याआधीची दोन मिनिटं, आणि ती पाहणाऱ्यालाच ठाऊक असतात. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बहुधा साधी भोवळ. चार-दोन झटके साध्या भोवळीतही येतात. जिभेची कड चावली गेली, नंतर बराच वेळ भान आलं नाही, तर मिरगीचा संशय घ्यावा. रक्तदाब झोपवून आणि मग उभं करून तीन मिनिटं मोजला की वरचा आकडा 20 ने उतरतो का, तेही कळतं.

खरी भीती हृदयाची. धावताना किंवा झोपलेलं असताना, काहीच चाहूल न लागता शुद्ध गेली, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलेलं असेल, तर ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं पाजून घरी बसवू नका. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.