सहा पायांचे शेजारी – ५ : शटर, मेण आणि पांढरं झुरळ

चपलेचा फटका नेमका बसतो. झुरळ चपटं होतं. आपण सुपली आणायला वळतो आणि परत येईस्तोवर ते फ्रीजखाली पसार. त्याला लागलंच नाही की काय? या आठवड्यात कीटकाचं शरीर बाहेरून पाहायचं आहे आणि त्यासाठी झुरळाइतका सोयीचा प्राणी नाही. चार सेंटिमीटरपर्यंत वाढतं, त्यामुळे भिंग नसलं तरी बरंच दिसतं. आणि शोधायला रानात जावं लागत नाही, रात्री मोरीतला दिवा लावला की पुरे. नाव ‘अमेरिकन झुरळ’, पण मूळ आफ्रिकेचं. जहाजांच्या तळघरांतून जगभर पसरलं.

अकरावीत मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून ज्यांनी ते पाहिलंय त्यांना डोकं, छाती, पोट हे तीन भाग पाठ असतात. पाठच असतात, कारण वरून पाहिलं तर डोकं ढालीसारख्या पत्र्याखाली वाकलेलं आणि पोट पंखांखाली गेलेलं. उताणं केलं की उलगडा होतो. छाती तीन खंडांची. प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, मागच्या दोघांना पंखांचीही. पोटाला पाय नाहीच. पुढचे पंख जाड, चामड्यासारखे, ते निव्वळ पांघरूण. उडायचं काम त्यांच्याखाली घडी घातलेल्या पातळ पंखांचं. जबडे आपल्यासारखे वर-खाली हलत नाहीत, अडकित्ता आडवा धरावा तसे दोन्ही बाजूंनी मिटतात.

आता चपलेकडे. आपली हाडं आत आणि मांस बाहेर, कीटकाचं उलट. पण हे बाहेरचं कवच म्हणजे अखंड डबी नव्हे, दुकानाचं शटर आहे. प्रत्येक खंडाला वर एक ताठ पट्टी, खाली एक, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये मऊ घडी. दाब आला की पट्ट्या एकमेकींखाली सरकतात. कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या प्रयोगशाळेत हेच मोजलं. एरवी बारा मिलिमीटर उंच उभं राहणारं झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतून पार होतं. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९०० पट भार त्याच्यावर दिला, तरी इजा नाही. हा शोधनिबंध २०१६चा. चप्पल त्यामानाने किरकोळ.

पुस्तकांत ‘कायटिनचं कठीण कवच’ असं छापलेलं असतं, ते अर्धंच खरं. नुसतं कायटिन लवचीक असतं आणि सांध्यांच्या मऊ घडीतही ते असतंच. पत्रा कडक होतो तो त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट जखडली गेल्यामुळे. या सगळ्याच्या वर मेणाचा अगदी पातळ थर. दिसायला नगण्य, पण एवढ्याशा अंगातलं पाणी तोच अडवून धरतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की बारीक, खरखरीत भुकटीनं हा थर ओरखडला की कीटक वाळून मरतो. आपल्या आज्या कडधान्याला राख चोळून ठेवत. त्यांना मेणाचा थर ठाऊक नव्हता, पण भुंग्याचं काय होतं ते ठाऊक होतं.

असं बंद कवच म्हटल्यावर हवा कुठून घ्यायची? नाकाचा काही संबंधच नाही. अंगाच्या दोन्ही कडांना छिद्रांच्या दहा जोड्या असतात, दोन छातीवर आणि आठ पोटावर. म्हणूनच डोकं तुटलेलं झुरळ आठवडाभर जगू शकतं. श्वास डोक्यावर अवलंबून नसतो. शेपटाकडे दोन छोटी टोकं दिसतात, त्यांवर बारीक केस असतात. चप्पल खाली येताना जी हवा ढकलते, ती या केसांना आधी लागते. तुमचा नेम चुकत नाही, त्याला वर्दी मिळते.

या चिलखताची खोड एकच. ते अंगाबरोबर वाढत नाही. पिल्लू मोठं होईतो बारा-तेरा वेळा कात टाकतं. हवा गिळून फुगतं, पाठीवर मधोमध चीर पडते आणि त्यातून पांढरंफटक, मऊ झुरळ बाहेर येतं. रात्री ओट्याखाली असं एखादं दिसलं की लोक ‘निराळ्याच जातीचं’ म्हणून दचकतात. काही तासांत ते नेहमीसारखं तपकिरी होतं.

मागे राहिलेलं टरफल लगेच केरात टाकू नका. चिमटीत धरून उजेडाकडे करा. मिशा, पायांवरचे काटे, नख्या, डोळ्यांवरचा पापुद्रा, सगळं जागच्या जागी असतं. आत पांढरे, केसाहून बारीक दोरे लोंबताना दिसतील. ती श्वासाच्या नळ्यांची अस्तरं. कात टाकताना झुरळ तीही ओढून बाहेर काढतं.